गोदूआत्याचा कंट्रोल

गोदूआत्या सगळ्या गल्लीलाच ‘आमचं खटलं’ म्हणायची. धारच्या त्या गल्लीतली बहुतेक मराठी घरं संस्थानच्या चाकरीतली. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या आटोपल्या आणि कारकुनांपासून पागेच्या जमादारापर्यंत बरेच जण घरी बसले. आत्याचे यजमानही त्यांतलेच. त्यात धान्य रेशनवर आणि भाव चढलेले.

तेव्हा आत्यानं घरोघर जाऊन ठरवून घेतलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बोरं नि तीळच द्यायचे, दुसरं काही नाही. “एकटीनं हात आखडला तर चिकट म्हणतात,” ती म्हणायची, “सगळ्यांनी आखडला की ती रीत होते.”

मी तिच्याकडेच वाढलो. पुढे देवासला पुरवठा खात्यात कारकून झालो. सुटीत आलो की तिला धान्यावरच्या कंट्रोलचं सरकारी धोरण समजावून सांगायचो. ती ज्वारी निवडत ऐकायची.

“तुमचा कंट्रोल का फसतो सांगू, बापू? तुम्ही दुसऱ्यांची कोठारं तपासता. मी आधी माझा डबा उघडून दाखवते.”

माझ्या लग्नानंतरची पहिली संक्रांत धारला झाली. बायकोच्या हातून वाटायला मी देवासहून पितळी वाट्या नेल्या होत्या. आत्याला आधी सांगितलं असतं तर तिनं अडवलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून बायका जमल्यावरच त्या बाहेर काढल्या. कौतुक झालं. मला ते हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मैनाकाकूंची लेक माझ्या बायकोजवळ रडली. त्यांच्या घरचं हळदीकुंकू व्हायचं होतं. आमची वाटी घेऊन आम्हाला बोरं कशी द्यायची? काकू लेकीच्या चांदीच्या तोरड्या सराफ्यात न्यायला निघाल्या होत्या. घरातली तेवढीच चांदी उरली होती.

आत्या उठली. रिकामी परात घेऊन भर गल्लीतून समोर गेली.

“मैना, थोडं पीठ दे गं. भाच्यानं पितळेत पैसे घातले नि आमचा डबा खाली झाला.”

“आता पितळच शिजवा, भिया,” ओट्यावरून कुणीतरी मला ऐकवलं.

आमचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. आत्यानं त्याआधी कुणाच्या दारी कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. मैनाकाकूंनी पीठ घातलं आणि तोरड्या पेटीत परत ठेवल्या. त्यांच्या हळदीकुंकवाला बोरंच वाटली गेली.

मी माफी मागायला गेलो, तर आत्या म्हणाली, “बस. भाकरी गार होतेय.”

काही वर्षांनी आत्या गेली. मैनाकाकू समाचाराला आल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

“काकू, त्या दिवशी आमच्याकडे पीठ होतं.”

“ठाऊक आहे मला. आदल्या दिवशी तुमचं दळण चक्कीवरून मीच आणलं होतं.” त्यांनी डोळे पुसले. “पण ती परात पुढे करून उभी राहिली, बापू. मी नाही कसं म्हणणार?”