कासूवर बसलेला धूर

रोह्याकडच्या एका कारखान्यानं मला फसवलं. माझे पोह्याचे पापड वाळताना काळवंडायचे. कारखान्याचे साहेब म्हणायचे, "आमचा धूर धरमतरच्या खाडीवर जातो. ही तुमच्याच चुलीची काजळी." मी चुली मोडल्या, गॅस घेतला. पापड काळेच.

मग आमच्या कासू गावात, माझ्या अंगणात, एक माणूस पापड घ्यायला आला. रोज सकाळी गावावर एक छोटं विमान घिरट्या घालायचं, त्यात आपण बसतो असं त्यानंच सांगितलं. त्यानं भाव केला नाही, तेव्हाच मला संशय आला. एकेका पापडावरून बोट फिरवून तो ते उन्हात बघत होता.

"धुळीचे पैसे लावत नाय मी," मी खेकसलो. "वरून काय बघता?"

त्यानं हातातल्या चहाच्या वाफेत मोबाईलचा उजेड सोडला. "असाच लेझरचा प्रकाश खाली सोडतो, काका. ढगाला, धुळीला आपटून परत येतो, त्यावरून थर कळतो." मग पापडांवर वीतभर उंच तळहात धरला. "कारखान्याचा धूर सकाळी इथं असा बसलेला असतो."

"खाडीवर नाय?"

"नाही. गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"कोणाला?"

"कारखान्याला. विमान त्यांनीच लावलंय ना."

काळ्या पापडांची चवड उचलून मी थेट कारखान्याच्या फाटकावर गेलो.

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं, तरी माझ्या चुली मोडू दिल्यात. आता फाटकाबाहेर या आणि जबाब द्या.