सैतानाचा वकील

मेलेल्या माणसांनाही धाक वाटावा असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचा कोरेगावचा शेजारी. कोर्टात बेलिफ होता, जप्तीच्या नोटिसा डकवून निवृत्त झाला. धर्माने ख्रिस्ती. रविवारी साताऱ्याला चर्चला जातो आणि एरवी गावातल्या प्रत्येक मयताला, दहाव्याला, शोकसभेला हजर. सगळ्यांचं गोड बोलून झालं की हा उठायचा आणि मेलेल्याचे दोष सांगायचा. डेअरीच्या चेअरमनच्या शोकसभेत म्हणाला, "भला मानूस, पर मापात लबाड." तेवढ्यात चेअरमनची रिकामी ठेवलेली खुर्ची करकरली. वारा नव्हता. लोकांनी चहा न घेताच चपला घातल्या.

मी एकदा विचारलं, "आवं भावजी, मेलेल्याच्या मागं का लागताय?"

"वैनी, ह्यो जुना हुद्दा हाय. रोममदी कुनाला संत ठरवायचं तर आदी एक पाद्री नेमायचे, त्येच्या इरुद्ध बोलायला. चमत्कार खोटं असतील, मानूस रागीट असंल, समदं उकरायचं. कागदावर नाव श्रद्धेचा कैवारी, पर लोकं म्हनायची सैतानाचा वकील. त्येच्या तावडीतनं सुटला त्यो खरा संत."

"आन तुमाला कुनी नेमलं?"

"आता तिथं बी ते पद पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई. म्हनलं, हितं तरी चालवू."

गेल्या साली माझे मालक वारले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही ओरडत नव्हता. सगळे नुसते पिंडाकडे बघत होते. थोरला म्हणाला, आईला सांभाळीन. धाकटा म्हणाला, दारू सोडीन. काही हललं नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तसं झालं असतं तर माणूस अडकून राहिला असं गाव म्हणालं असतं, आणि मीही तेच मानलं असतं.

शेजारी पुढे आला. "वैनी, बोलू?"

"बोला."

"ह्यो मानूस तुसडा. बायकोच्या हातचं जलमभर खाल्लं, कवा बरं म्हनला न्हाई. तिच्या भावाला दारातनं हाकलला." सगळं खरं होतं. मग तो माझ्याकडे वळला. "माझं झालं. आता ह्येच्या बाजूनं तुमी बोला. खोटं नगा बोलू, त्येला कळतंय."

मला लवकर काही आठवेना. पोरं माना खाली घालून उभी. शेवटी म्हटलं, "मला अंधारात दिसत न्हाई. कुटं जायचं असलं की ह्ये बॅटरी घिऊन म्होरं चालायचे. शिव्या देत, पर चालायचे."

एकच कावळा उतरला, शिवला, उडाला.

"हरलो," शेजारी म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वकिलानं हितंच हरायचं असतंय."

तेव्हापासून तो कुणाच्या दहाव्याला बोलत नाही. दिवेलागणीला मी मारुतीला निघाले की न बोलावता बॅटरी घेऊन येतो आणि पुढे चालतो. एरवी मला वैनी, तुमी, याखेरीज बोलत नाही. पण वळणावर थांबतो आणि मागे न बघता म्हणतो, "उचल की पाय, किती येळ." असं मला एकच माणूस म्हणायचा. आवाज शेजाऱ्याचाच असतो. असावा. मी विचारत नाही. उजेड पडतो तिथे पाय टाकते.