सहावं कूपन

लोणी काळभोरहून बस निघाली तेव्हा उसावर धुकं होतं. मी नांदेडची. आत्याकडे चार दिवस आले होते आणि त्यातला एक दिवस तिला पुण्यात नेण्यासाठी राखून ठेवला होता. बँकेत हयातीचा दाखला (पेन्शन घेणारा माणूस जिवंत असल्याचा कागद) द्यायचा, मग लक्ष्मी रस्त्यावर एक साडी बघायची, एवढाच बेत. खिडकीशी बसलं की मला पेंग येते. मांजरीचा थांबा येईपर्यंत अर्धवट झोपेत आत्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. चाल जात्यावरच्या ओवीची, शब्द मात्र नुसते आकडे.

"काय म्हणतेस गं?"

"आधार नंबर, घरातल्या समद्यांचे," आत्या म्हणाली. "चार-चार आकड्यांचे तीन तुकडे केले की चालीत बसत्यात."

मला हसू आलं.

"हसू नगंस. तुझ्या आतोबांना दवाखान्यात आत नेलं आन खिडकीवर मला त्यांचा नंबर इचारला. मला काय ठाव? कार्ड घरी. पोरगं आणंस्तोवर मी खिडकीपाशीच हुभी. मी आत गेले तवा त्यांची वाचा गेली हुती. मंग ते न बोलताच गेले."

त्यानंतर तिने सगळ्यांचे नंबर पाठ केले. मी तिचा हात धरून बसले. बाहेर धुकं विरळ होत होतं आणि उसाच्या जागी इमारती येऊ लागल्या होत्या.

बँकेत नंबर विचारल्यावर आत्याने डोळे मिटले आणि चक्क चालीत सुरुवात केली.

"आजी, सगळ्या रांगेला ऐकवू नका. मैफल नाहीये ही," खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. "लिहून द्या. आणि काम झालं की चिठ्ठी परत न्या."

बोलणं तिरकं होतं, पण माणूस मला आवडला. आत्याने यंत्रावर बोट टेकवलं आणि ती जिवंत असल्याचं यंत्राने तिसऱ्या खेपेला मान्य केलं.

लक्ष्मी रस्त्यावर ऊन सौम्यच होतं. दुकानात पांढऱ्या गादीवर माझ्यापुढे साड्या उलगडत गेल्या आणि एका जांभळ्या काठात मी अशी हरवले की किती वेळ गेला ते कळलंच नाही. आत्या गल्ल्याजवळ बसून काहीतरी लिहीत होती. पत्ता देत असेल, असं मला वाटलं.

मग आम्ही मस्तानी (आटीव दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा) खायला गेलो. पहिल्या चमच्याला आत्याने डोळे मिटले.

"केरळात घराच्या दारातनं होडी जाती म्हणं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आतोबांनी. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणाले हुते." तिने दुसरा चमचा घेतला. "त्या दुकानात सोडत हाय. पहिलं बक्षीस, दोघांना केरळ. माणशी एक कूपन. नाव, फोन आन आधार नंबर. मी समद्यांची भरली."

माझा चमचा हातातच राहिला. मागच्या वर्षी मी कार्डाचा फोटो भलत्याच माणसाला पाठवला होता. कुणीतरी माझ्या नावावर सिमकार्ड घेतलं आणि पोलीस चौकीच्या खेपा मला पडल्या.

"नातवंडांचेही नंबर दिलेस?"

"दिले की. सहा कूपनं झाली."

"आत्या, बँकेला कारण होतं. दवाखान्यालाही असेल. साडीच्या दुकानाला तुझ्या नातवाचा नंबर कशाला? कोण मागतंय आणि कशासाठी, हे बघून द्यावा गं."

ती मस्तानी अर्धी टाकून उठली. "पाठ केले ते पोरांच्या भल्यासाठी, आन मीच पेटीत टाकून आले. चल माघारी."

दुकानातली पेटी काचेची होती. वरच्या कूपनावरचं आत्याचं ठसठशीत अक्षर बाहेरून वाचता येत होतं.

"टाकलेली कूपनं परत हवीत?" मालक म्हणाले. "पेटी आहे ही, कपाट नव्हे." पण किल्ली त्यांनी आधीच हातात घेतली होती.

"आधार नंबर कशाला लागतो हो तुम्हाला?" मी विचारलं.

"एकाने दहा कूपनं टाकू नयेत म्हणून."

"त्याला फोन नंबर पुरेल की."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुरेल," एवढंच म्हणाले आणि पेटी गादीवर उपडी केली.

आत्याचं, मुलाचं, सुनेचं, दोन्ही नातवंडांचं. पाच सापडली. आत्या तरीही शोधत राहिली. सहावं तिने उचललं तेव्हा मी वाकून पाहिलं. त्यावर आतोबांचं नाव होतं.

"आत्या, हे गं कशाला?"

"बक्षीस दोघांना हाय. मी एकली कशी जाऊ?"

मला रडू आवरेना. गेलेल्या माणसाच्या नंबराचाही गैरवापर होतो, हे तिला कसंबसं सांगितलं. तिने मान हलवली, त्या कूपनाची खालची पट्टी दुमडली आणि नखाने फाडू लागली.

मालकांनी कात्री पुढे केली. "घ्या. फाटकं कूपन पेटीत बरं दिसत नाही."

आत्याने आतोबांच्या कूपनावरचा नंबर कापला. मग स्वतःच्याही. मुला-नातवंडांची चारही कूपनं आणि दोन्ही पट्ट्या तिने कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि दोन नावं एकावर एक ठेवून पेटीत सोडली.

"आजी, त्यांचं सोडतीत धरता येणार नाही," मालक हळू आवाजात म्हणाले.

"नका धरू. माझ्यासंगं ऱ्हाऊ द्या."

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं झालं होतं. आत्याचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. सिमकार्डाच्या प्रकरणानंतर मी माझा नंबर सगळ्यांपासून जपला होता. नांदेडला मी एकटी राहते. उद्या मला दवाखान्यात आत नेलं तर खिडकीवर तो सांगणारं कोणीच नाही, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा जाणवलं.

मांजरी गेल्यावर मी आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बारा आकडे सांगितले. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. डोळे मिटले आणि ते चालीत बसवू लागली.