फोरमनबाईच्या नऊ गच्च्या

फोरमनबाई हे नाव तिला कुणी मानाने दिलेलं नव्हतं. वायरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने ते चेष्टेत ठेवलं, आणि चार वर्षांत चेष्टा करणारेच 'फोरमनबाईंना विचारा' म्हणायला लागले. लग्न होऊन आली तेव्हा तिला बल्बचा होल्डरसुद्धा उघडता येत नव्हता. नवरा पोस्टात, त्याला अजूनही येत नाही, ते असो. पण सासरे जुने, नावाजलेले वायरमन. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा ते खुर्चीत बसून सांगायचे आणि सून करायची. 'चांगलं केलंस' हे दोन शब्द त्या माणसाने पंचवीस वर्षांत तोंडातून काढले नाहीत. फार खूश झाले तर 'बरं' म्हणायचे.

त्यांचा एक नियम तिच्या हाडीमाशी खिळला होता: ब्रेकरला, म्हणजे वीज तोडणाऱ्या बटणाला, वीज वरून घ्यायची, खालून द्यायची. हजारो ब्रेकर तिने असे जोडले. डोळे बांधले तरी हात चुकला नसता.

मग गच्च्यांवर सोलर आलं. तिने तीन महिने वर्गात बसून ते शिकून घेतलं, तेही वयाने निम्म्या पोरांच्या शेजारी. पॅनेलची वीज डीसी असते आणि तिला घरातल्या विजेचा ब्रेकर चालत नाही, हे तिला पाठ होतं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून बटण पाडलं की आतली ठिणगी विझते. डीसी कुठली दम घ्यायला! ठिणगी ओढली गेली की पेटत राहते आणि पेटी वितळवते. म्हणून डीसीचाच ब्रेकर लावायचा, याबाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. 'घरात एक जुना पडलाय, तोच बसवा' म्हणणाऱ्या एका डॉक्टरांना तिने विचारलं होतं, 'जुनी सुई चालेल का तुम्हाला?' सासऱ्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे तिचा दीर, गिऱ्हाइकं आणायचा, आणि ती बसवायची. नऊ गच्च्या झाल्या. दहावीचं बोलणं चाललं होतं, आणि दहावी म्हणजे अख्ख्या शाळेचं छप्पर.

एका दुपारी, त्या नऊंपैकीच एका घरी, घड्याळजींच्या बायकोने पॅनेल धुवायचे म्हणून भर उन्हात ब्रेकर पाडला. इन्व्हर्टर आधी बंद करून भार काढायचा, हे ती विसरली. पेटीतून गुणगुण आली आणि मग पिवळट धूर. नशीब, फोरमनबाई दोन घरं सोडून काम करत होती. धावत आली, पेटीला हात न लावता कपाटातल्या चार गोधड्या काढून पॅनेलवर पसरल्या. पॅनेलचं ऊन तोडलं, तशी गुणगुण थांबली. घड्याळजी धापा टाकत वर आले आणि पहिलं काय म्हणाले, तर 'त्या नव्या गोधड्या होत्या.' माणूस म्हणजे अजबच.

मीटरवर शून्य बघूनच तिने पेटी उघडली. ब्रेकर अर्धा वितळलेला. कंपनीच्या मालाला चार शिव्या घालायच्या म्हणून तिने तो उलटून पाहिला, आणि शिव्या घशातच राहिल्या. कडेला बारीक छापलेलं चित्र होतं. प्लसची तार खालून. या जातीच्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला लोहचुंबक असतं, आणि प्लस-मायनस उलटे जोडले की तेच ठिणगीला नको तिकडे ढकलतं. चित्र न बघता तिच्या हातांनी सवयीने वरून घेतलं होतं. नऊही घरांत.

दीर म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. सर्व्हिसिंगला आलोय म्हणून जायचं, गुपचूप तारा बदलायच्या. शाळेचं काम हातचं जाईल, वहिनी, जरा विचार करा. चुकीचं बोलत होता असंही नाही. बाई आहे, कुठे ना कुठे घसरणारच, म्हणून वाट बघत बसलेले कमी नव्हते. ती रात्रभर कूस बदलत राहिली. पण गुपचूप गेलं तर लोकांना कळणार कसं, की मधल्या दिवसांत त्या बटणाला हात लावायचा नाही?

सकाळी तिने आधी घड्याळजींना खरं काय ते सांगितलं, मग उरलेल्या आठही घरी फोन केला आणि एकच सांगितलं: 'ब्रेकर मी उलटा जोडलाय. मी येईपर्यंत त्याला हात लावू नका.' मग दारोदार निघाली. इन्व्हर्टर बंद करायची, पॅनेल ताडपत्रीने झाकायची, मीटर लावायची आणि मगच पेटी उघडायची. तारा बदलून झाल्या की भर उन्हात, चालू भारावर, ब्रेकर स्वतः पाडून दाखवायची. टक् आवाज, बस. कुणी समजून घेतलं, कुणी तासभर ऐकवलं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी तर त्या शिडीखाली हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, शाळेचं काम आता आम्हाला पुन्हा ठरवावं लागेल. फोरमनबाई 'ठरवा' म्हणाली आणि हत्यारं पिशवीत भरायला लागली.

शाळेचं छप्पर गेलं. दुसऱ्याच माणसाला मिळालं. दीर आठ दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिने आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं, 'आधी चित्र, मग हात', आणि पुढच्या कामाला लागली.

एका संध्याकाळी तिने सासऱ्यांपुढे चहा ठेवला, तेव्हा त्यांनी तिला बस म्हटलं. कपाकडे बघत बोलायला लागले.

'वरून घ्यायचं, हे मीच शिकवलं तुला.'

'बाबा, चित्र मी बघितलं नाही. तुमचा काय दोष?'

ते मानेनेच नाही म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी एका तीनमजली घरात ते अर्थिंगची तार जोडायला विसरले होते. आठ दिवसांनी आठवली. पण घर नामांकित माणसाचं, नाव नुकतंच झालेलं. जीभ रेटली नाही. पुढे ते घर पाडेपर्यंत तिथे काही झालं नाही, हे केवळ नशीब.

'लोक मला हुशार म्हणायचे,' ते म्हणाले, 'आणि मी बाजाराला लांबच्या रस्त्याने जायचो. एवढी वर्षं त्या गल्लीत मला मान वर करता आली नाही. तुला नऊही गल्ल्या मोकळ्या आहेत. चांगलं केलंस, पोरी.'