पेपरात बरे झालेले भाऊसाहेब

प्रोस्टेटचा कॅन्सर झाला की घरात औषधं कमी अन् किस्सेच जास्त जमतात! आजाराचं नाव काढलं की माणसं आधी इकडंतिकडं बघतात, आवाज खाली आणतात आणि मग हमखास उपाय सांगतात.

नगरच्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी इंजेक्शनच्या दिवशी आम्ही तिघं एका बाकावर असतो. मी नागापूर एमआयडीसीत जन्मभर क्वालिटी चेकिंग केलेला माणूस. कुलकर्णी सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. आणि शेवगावचे भाऊसाहेब, तूर-कापूस करणारे शेतकरी.

* * *

सरांच्या मोबाईलवर जाहिरात आली. 'एकवीस दिवसांत प्रोस्टेट कॅन्सर मुळापासून गायब!' सरांनी लगेच फोन लावला. "बऱ्या झालेल्या एका तरी पेशंटचा नंबर द्या."

पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, ते सगळे आता फॉरेनला असतात."

"म्हणजे कॅन्सरबरोबर पेशंटही गायब!" म्हणून सरांनी फोन ठेवला.

* * *

माझ्या साडूनं काढा आणला. बाटलीवर छापलेलं: मूळव्याध, गुडघेदुखी, केस गळणे आणि प्रोस्टेट कॅन्सर. साडूच्या डोक्यावर एक केस नाही!

मी म्हणालो, "आधी सहा महिने तुम्ही घ्या. केस आले की मी सुरू करतो."

साडू दिवाळीपर्यंत बोलला नाही.

* * *

जळण्यात मात्र आम्ही एक नंबर. पीएसए, म्हणजे आमच्या आजाराचं रक्तातलं माप, त्याचा रिपोर्ट आला की दहावीच्या मार्कशीटसारखा एकमेकांचा हिसकावून बघायचा. इथं कमी मार्कवाला पहिला! सरांचा आकडा कायम माझ्यापेक्षा कमी.

एकदा चिडून विचारलं, "सर, लॅब कोणती तुमची?"

"तुमचीच. तुमचा अभ्यास कमी पडतो!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

मग एका सकाळी पेपर उघडला, तर एका पावडरच्या जाहिरातीत भाऊसाहेब! डोक्यावर फेटा, खाली ठळक अक्षरात 'आता मी पूर्ण कॅन्सरमुक्त!' ती पावडर त्यांनी महिनाभर घेतली होती, एवढं मला माहीत होतं. आकडा उतरला होता तो इंजेक्शननं. पण गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला की हो!

माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी पोटात सुई घ्यायची, त्या सुईनं अंगातून वाफा निघाल्या की पंख्याखाली बसायचं, आणि फेटा यांना! बायकोला म्हणालो, "सगळं खोटं आहे. क्वालिटीतला माणूस आहे मी, मला कळतं."

बायको म्हणाली, "मग तुमचा फोटो का नाही मागितला कुणी?"

* * *

पुढच्या इंजेक्शनला भाऊसाहेब आलेच नाहीत. फोन केला तर "रानात हाय" म्हणून कट! मी मनात म्हटलं, च्यायला, हा माणूस खरंच सुटला की काय?

त्यानंतर तीन महिन्यांनी आले, ते लेकाच्या आधारानं. पाठ धरलेली, चेहरा उतरलेला. रिपोर्टमधला आकडा कितीतरी पट वर चढलेला. डॉक्टर त्यांना आत इतकं बोलले की बाहेर बाकावर ऐकू येत होतं. इंजेक्शन झालं, स्कॅनची चिठ्ठी घेऊन ते आमच्याजवळ येऊन बसले.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, खुळे का तुम्ही? फोटो तुम्हीच दिला ना? पावडरनं काही झालं नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"म्हाईत हुतं की. फुकट पावडर देतो म्हनले, म्हनून फोटू दिला. पर पेपरात छापून आलं. गावातली शिकल्याली मानसं हात हातात घ्याया लागली. तवा मलाच वाटलं, आसंल बाबा. छापलंय म्हंजी झालो आसंन."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला रागही येत होता आणि रडूही. "अहो, जिवाशी खेळ झाला ना हा!"

"व्हय, झाला." भाऊसाहेबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. मग आमच्या दोघांकडं बघून हसले. "पर तुमी दोगं कवा बरं झालाय का? मी झाल्तो राव! लई ब्येस वाटतं!"