काढ्याचं उसनं मडकं

चीनमधल्या छोंगछिंगच्या घाटावर कुआंग देशूने उभा जन्म हमाली केली. बांबूच्या दोन टोकांना ओझी, खाली नदी, वर शहर, मधे नुसत्या पायऱ्या. ओझं उचलताना पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे; चुकलं की कंबर गेली. त्याची कधी गेली नाही. काम सुटलं, पण जेवण हमालाचंच राहिलं. पोट सुटलं, रक्तदाब चढला, पाय सुजले. इस्पितळात सांगितलं, हृदय वाढलंय.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "खांद्यावरचं ओझं पोटावर घेतलंस. आता हमाली हृदय करतंय." त्यांनी काढ्यासाठी लाल मुळ्या आणि आंबट फळांचे वाळके काप बांधून दिले. "इस्पितळाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. मीठ आणि चरबी बंद."

काढा लोखंडाच्या भांड्यात करत नाहीत. बायको लिएनयिंगने खालच्या आळीतल्या ताओ वहिनींचं मडकं आणलं. असं मडकं आपण परत नेऊन द्यायचं नसतं, दुखणं त्या घरात जातं. रोगी बरा झाला की धनीण स्वतः येऊन नेते.

देशू काढा न चुकता प्यायचा. चरबीही न चुकता खायचा. सूज थोडी उतरली, पण ताओ वहिनी काही येईनात. म्हणजे आळीच्या लेखी तो आजारीच. हे त्याला सोसेना. एका सकाळी बायको बाजारात गेल्यावर मडकं काखेत मारून तो खाली उतरला.

वहिनींनी दार किलकिलं केलं. "भावोजी, दुखणं माझ्या दारात आणून टाकता होय?"

"मी बरा झालोय, वहिनी."

"झाला असता तर मीच आले असते. तुमच्या खिडकीखालून जाताना तुमचा श्वास ऐकू येतो."

"तो आवाज घरातल्या भात्याचा."

"मग विकून टाका तो. जा वर."

दार लागलं.

याच पायऱ्या तो तांदळाची पोती घेऊन न थांबता चढायचा. आज हातात रिकामं मडकं, आणि अर्ध्यावरच छाती भरून आली. तो बसला. खोटं बोलायला समोर कुणी नव्हतं.

लिएनयिंग परडी घेऊन चढत आली. मडक्याकडे पाहून तिने ओळखलं. "घेतलं नाही ना?"

"नाही. परडीत काय आहे?"

"डुकराचं मांस, चरबीचं. तुम्हीच सांगितलंत."

देशूने दम खाल्ला. "ते वहिनींना देऊन ये. म्हणावं, मडकं अजून बरेच दिवस लागेल."