एक पाय पायरीवर

आमच्या इचोड्यातल्या कापडदुकानाच्या पायरीवर एक पाय आणि दुसरा रस्त्यावर, असे सर उभे राहायचे. "बसत नाई शेठ, दोनच मिन्टं." तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याची दोन मिनिटं संपेपर्यंत आपला चहा गार होतो. वर्ष झालं ती पायरी मोकळी आहे आणि मला अजून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

सर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचे. शाळा संपलेल्या मुलांना काम मिळवून देणं हा त्यांनी आपणहून मागे लावून घेतलेला उद्योग. दहावी झालेल्या गंगामणीसाठी ते आले, तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. गिऱ्हाईक बोलणार आणि हिला ऐकूच येणार नाही, कसं जमायचं?

दुसऱ्या दिवशी सर कानात कापसाचे बोळे घालून हजर. "आज म्या तुमचा नोकर. पाहू द्या, कुठं अडते." दिवसभर त्यांनी कापड मोजलं, घड्या घातल्या, गिऱ्हाइकांची बोलणीही खाल्ली. रॅककडे तोंड असलं की मागून बोलावणारं कळत नव्हतं. सरांनी रॅकवर आरसा ठोकला. मी म्हटलं, महिनाभर बघतो, जमलं तर ठेवतो.

गंगामणी हुशार निघाली. घोळ घातला सरांनीच. ते रोज यायचे. गिऱ्हाईक त्यांच्याशी बोलायचं, ते खुणांनी तिला सांगायचे. ते नसले की ती नुसती दाराकडे बघत उभी. पंधरा दिवसांनी माझं डोकं फिरलं.

"सर, नोकर म्या कोणाले ठेवलं? हिले का तुमाले?"

सर पहिल्यांदाच दुकानात बसले. बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिले. "मंग म्या येऊच नाई का?"

"महिना भरेपर्यंत नोका येऊ."

बोललो खरा, पण मलाच वाईट वाटलं. नंतर ते आरशात दिसायचे, हायवेपलीकडे, उभ्या ट्रकांमधून येरझारा घालताना. गंगामणीलाही दिसायचे. दोन दिवस ती रडवेली होती. तिसऱ्या दिवशी एका बाईला तिनं स्वतःच दोन बोटं दाखवून विचारलं, दोन मीटर? आणि अस्तर मोजून दिलं. त्यानंतर सर पलीकडेही दिसले नाहीत.

महिना भरला. मी फोन लावला. "या सर, आता बसाले या."

"जोरानं बोला शेठ, कानात कापूस हाय. उटनूरले हाय, झेरॉक्सच्या दुकानात. दुसरी पोरगी लावून राह्यलो."

"गंगामणीले कायम केलं," मी ओरडून सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "मंग आता म्या कशाले येऊ?"

माझ्या ओरडण्यानं सगळं दुकान वळून बघत होतं. गंगामणीला ते आरशात दिसलं. तिनं हातानंच विचारलं, कोण? मी दाराशी गेलो आणि एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर ठेवून दाखवला. ती हसली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं कापड मोजायला वळली.